पाण्याची परीक्षा

शोकसभेत मेलेला माणूस चार बोटं उंच होतो, हे काही मी नव्यानं सांगायला नको. पण डॉक्टर श्रीनिवास उदगीरकरांबद्दल लोक थापा मारत नव्हते, आणि नेमकी हीच कौस्तुभची पंचाईत होती. चिक्कडपल्लीच्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दीडशे माणसं जमली होती. कुणाचा खांदा, कुणाचा घोटा, कुणाची कंबर डॉक्टरांनी दुरुस्त करून मैदानावर परत पाठवलेली. पहिल्या रांगेत सुमनकाकू, डॉक्टरांच्या पत्नी, रुमाल मुठीत घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या रांगेत कौस्तुभ. डॉक्टरांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेला हा पुण्याचा डॉक्टर, पण पाचावर धारण बसलेली. बोलणाऱ्यांच्या यादीत दवाखान्यातल्याच कवितानंतर त्याचं नाव होतं.

आधी हणमंतराव उठले. हिमायतनगरच्या दवाखान्यात तीस वर्षं प्लास्टर घालणारे. माइकची सवय नाही, म्हणून तो त्यांनी पेरूसारखा धरला.

"डॉक्टरसाब बोलायचे, हणमंतराव, मशीनला फसवता येतं, जिन्याला नक्को!"

लोक हसले. सगळ्यांना ठाऊक होतं ते. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. खेळाडू बरा झाला की हणमंतराव त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास द्यायचे. तो घेऊन तीन मजले उतरायचं. खाली डॉक्टर उभे. थेंब सांडला की पंधरा दिवस खेळ बंद, मग तुम्ही कुणीही लागून गेलेले असा. "चढतं तर गाढवही," डॉक्टर म्हणायचे, "गुडघा उतरताना खरं बोलतो."

"एक क्रिकेटवाला तीनदा सांडला," हणमंतराव सांगत होते. "चौथ्यांदा वाटेत अर्धा गिलास पिऊनच टाकला की हो! डॉक्टरसाब बोलले, बाबा, मिशी पूस आधी."

हॉल खदाखदा हसला. सुमनकाकूसुद्धा हसल्या. कौस्तुभही हसला, आणि खिशातला कागद चाचपू लागला.

अकरा वर्षांपूर्वी त्यालाही हा प्रकार जत्रेतल्या खेळासारखाच वाटायचा. पुण्याहून नवा नवा आला होता, डोक्यात मशीन आणि आकडे. त्या दिवशी डॉक्टर वरंगलला स्पर्धेसाठी गेलेले, हणमंतराव रजेवर. आणि कविता आली. एकोणीस वर्षांची, कबड्डीतली, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेली. राज्याच्या संघाची निवड दोन दिवसांवर. कौस्तुभनं तिला मशीनवर बसवलं. दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी. झालं की! बाहेर पेशंटची रांग, कुठे गिलास भरत बसायचा? रजिस्टरमध्ये 'पाणी' असा एक रकाना होता. त्यानं लिहिलं, पास. रात्री परतलेल्या डॉक्टरांनी रजिस्टर पाहिलं आणि सर्टिफिकेटवर सही केली.

निवडीच्या दिवशी पकड सोडवून वळताना कविताचा तोच गुडघा गेला. या वेळी कायमचा.

तिचे वडील दवाखान्यात आले ते ओरडतच. "साऱ्या गावाला जिना उतरवता, माझ्या पोरीला का नाही?" डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, एकदा कौस्तुभकडे बघितलं, आणि रजिस्टर मिटलं. म्हणाले, "मीच फोनवर सांगितलं, राहू दे म्हणून. चूक माझी आहे." आणि हा? हा मागे तोंडात मूग धरून उभा!

ते गेल्यावर डॉक्टर रागावले असते, एक मुस्काटात दिली असती, तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तू नवा आहेस. तुझं नाव निघालं तर या गावात उभा राहणार नाहीस. मी निभावून नेईन. पण कविताला तू सांग, तुझ्या तोंडानं. केव्हा ते तू ठरव."

त्यानं ठरवलंच नाही. उद्या सांगू, दिवाळी होऊ दे, तिची परीक्षा होऊ दे. कविता फिजिओथेरपी शिकली, डॉक्टरांनीच तिला शिकायला लावलं आणि कामावर घेतलं. सहा वर्षं ती शेजारच्या टेबलावर काम करत होती. कौस्तुभ रोज तिच्या डब्यातलं खायचा. डॉक्टरांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं त्याला रोज टोचायचं. महिन्यापूर्वी डॉक्टरांचं हृदय दगा देऊ लागलं आणि मागच्या रविवारी ते गेले.

आता कविता माइकपाशी होती.

"मला सरांनी पायावर उभं केलं," ती म्हणाली. "आज जे काही आहे ते त्यांच्यामुळे. पण खरं सांगते, एक गोष्ट मनातून गेली नाही. सगळ्यांना त्यांनी जिना उतरवला. माझ्याच वेळेला राहू दे म्हणाले. मला वाटायचं, आपण कोण मोठे लागून गेलो, आपल्यासाठी कशाला थांबतील. एकदा विचारायचं होतं त्यांना. राहून गेलं."

ती खाली उतरली. कौस्तुभचं नाव पुकारलं गेलं.

लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. माइकपर्यंतची दहा पावलं त्याला संपेनात. न बोलता सुटता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण जीभ आज पहिल्यांदा त्याचं ऐकेना.

"डॉक्टरांनी राहू दे म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "त्यांना फोनच गेला नव्हता. परीक्षा मी घेतली नाही आणि पास मी लिहिलं. त्यांनी मला वाचवलं. मी अकरा वर्षं गप्प बसलो. कविता, मी तुझा गुन्हेगार आहे."

सुमनकाकूंनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं, हे कौस्तुभला तेव्हा कळलं. तो खाली आला. अंगावर कुणी धावून आलं असतं तर चाललं असतं. लाज वाटत होती, पण छातीवरचा धोंडाही उतरला होता, आणि तेवढ्यातही हलकं वाटल्याची त्याला आणखी लाज वाटली.

कविता त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"गुडघ्याचं सोडा. गेला तो गेला," ती म्हणाली. "ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी त्यांना हॉस्पिटलात भेटायला गेले ना, तुम्ही खोलीबाहेर बाकावर होतात. मला म्हणालात, जा आत, शुद्धीवर आहेत."

"हो," कौस्तुभ म्हणाला.

"त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, कविता, माझ्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. मी हात सोडवून घेतला हो. म्हटलं, ते मला जमणार नाही सर. मरणाऱ्या माणसाला म्हटलं मी. आणि ते बघा काय म्हणाले, बरोबर आहे तुझं."

कौस्तुभ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"दाराबाहेर होतात तुम्ही," कविता म्हणाली. "आत येऊन एक वाक्य बोलायचं होतं. आठ दिवस आधी बोलायचं होतं फक्त. आता तुम्ही माझी माफी मागाल, मी देईनही एखादवेळी. मी कुणाची मागू?"