दोन दिवसांचं काम

माझे थोरले दीर केसरीनाथ कोन गावात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जोडायचे. एकोणनव्वदला माझ्याच लग्नाची कॅसेट त्यांनी केली, आणि सख्ख्या बहिणीने गायलेला लग्नाचा धवला कापून तिथे सिनेमातलं गाणं टाकलं. माझी नणंद जानकीबाई म्हणजे धवलारीण. तिने गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत न्हाय. कॅसेट बघायला सगळं घर जमलेलं. हळदीच्या मांडवात ओठ जानकीबाईचे हलतायत आणि आवाज भलत्याच बाईचा!

तिने सांगितलं, माझं गाणं परत टाक. भाऊजी म्हणाले, आता मधे काही घालता येत न्हाय, मशीनच तशी हाय. एका डेकवरून दुसऱ्यावर उतरवत जायचं, मधलं बदललं की पुढचं सगळं पुन्हा करा. जानकीबाई चहा न पिता उठली, ती नऊ वर्षं आमच्या घरात आली न्हाय. लोक म्हणाले, नवी सून आली आणि बहीण-भाऊ तुटले. कॅसेट त्यांची, पायगुण माझा!

अठ्ठ्याण्णवला भाऊजींनी एडिटिंगचा कॉम्प्युटर आणला. शेजारचे कापडाचे लूम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि तो बंद व्हायचा, तरी भाऊजींचं कौतुक सरेना. हवं ते, हवं तिथे, मधेच घाला, पुढच्याला धक्का न्हाय, असं येईल त्याला ऐकवायचे. भाकऱ्या थापता थापता मी म्हटलं, मग आधी बहिणीचा धवला घाला. भाऊजींनी शूटिंगची मूळ कॅसेट माळ्यावरून शोधून काढलीच.

जानकीबाईला मीच हात धरून आणली. तोवर तिचा गळा बसला होता, धवले आता तिची सून गायची. पडद्यावर ओठ हलले आणि तिचाच खणखणीत आवाज घरभर झाला. तिने पदर तोंडाला लावला. मलाही रडू आवरेना.

मग तिने विचारलं, "केसरी, हे घालायला किती वेळ लागला?"

"अर्धा तास," भाऊजी छाती फुगवून म्हणाले.

"आणि तवा घातलं असतंस तर?"

भाऊजींनी मान खाली घातली. "दोन दिवस."

"दोन दिवस वाचवलेस आणि नऊ वर्षं घालवलीस," ती म्हणाली. "शाळेतपण तू गणितात कच्चाच होतास."

त्या दिवशी तिने दोन कप चहा घेतला, आणि भाऊजींना कॅसेटवरची तीच हळद पाच वेळा लावायला लावली.