टोएच्या गाडीचा क्लच

नोएली तापसोबाच्या हातात सतरा नंबरचा पाना होता, आणि तो एतिएन टोएच्या टाळक्यात हाणावा असं तिला मनापासून वाटत होतं.

"गुलामे!" रस्त्यापलीकडूनच तो ओरडत आला होता. "माझ्या क्लचप्लेटा खाल्ल्यास ना? भरलं का पोट?"

चहाच्या बाकावरची माणसं खो खो हसली. हसणारच. एतिएन सामो, नोएली मोसी. या दोन जमातींचं थट्टेचं नातं खापरपणजोबांपासूनचं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, गुलाम म्हणायचं, खानदान काढायचं, पण रागवायचं नाही. रागावला तो हरला, वर लोक त्यालाच नावं ठेवतात. नोएलीनेही जन्मभर सामोंना मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. पण तिने त्याच्या गाडीला नव्या क्लचप्लेटा बसवल्या, आणि तेव्हापासून तीन आठवडे एतिएन साऱ्या टांपुई वस्तीभर एकच सांगत फिरत होता, की ही बाई जुन्या टायरच्या रबरातून क्लचप्लेटा कापते. लोक हसायचे, आणि हसता हसता गाड्या दुसरीकडे न्यायचे.

आता तिच्याकडे उरल्या होत्या दवाखान्याच्या बारा मोटरसायकली, लसी घेऊन गावोगाव जाणाऱ्या. त्यांच्यावरच गॅरेजचं भाडं निघत होतं. तेही काम ठेवायचं की काढायचं, ते सांगायला दवाखान्याच्या काफांदोबाई आज येणार होत्या.

"लाव इथे मोटरसायकल, कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत उघडते. होतं काय, ते सांग."

"इंजिन बोंबलतं, गाडी हलत नाही. मागे बांधलेल्या गिनी कोंबड्यासुद्धा मला हसतात."

तिने आधी लिव्हर दाबून पाहिला. एका नाण्याइतका सैल, हवा तसाच. केबलही ठीक. मग गाडी सुरू करून वरचा गिअर टाकला, ब्रेक घट्ट धरला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते नुसतं गुरगुरत राहिलं. क्लच घसरत होता, यात शंका नव्हती. तिने घमेलं सरकवलं आणि तेलाचा नट सोडला.

तेल गळत होतं तेवढ्यात काफांदोबाई आल्या. गाडीवरून उतरल्याही नाहीत.

"नोएली, बाराही गाड्या आम्ही दुसरीकडे दिल्या. सही झाली कालच."

"बाई, दहा मिनिटं थांबा. हाच तो क्लच. डोळ्यांनी बघून जा."

"थट्टा असेलही गं. पण रस्त्यात माझी एखादी नर्स अडकली, तर मी कुणाला तोंड दाखवू?" आणि त्या गेल्या.

नोएलीचे कान तापले. तिने कव्हर उतरवलं, स्प्रिंगा सोडल्या, एकेक प्लेट काढून फडक्यावर मांडली. प्रत्येक प्लेटच्या कानावर तिने कानशीने पाडलेली खाच होती.

"बघा, या माझ्याच," ती बाकाकडे वळून म्हणाली. "नखभरही झिजलेल्या नाहीत. रबर कुठे दिसतंय का?"

पण त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिने घमेल्यातलं तेल चिमटीत चोळलं. बोटं एकमेकांवर टिकेनात.

"यात काय ओतलंस?"

एतिएनने कान खाजवला. "लॉरीवाले बाटलीतून घालतात ना, ते. इंजिन लोण्यासारखं चालतं म्हणे."

"लॉरीचा क्लच कोरडा असतो, मूर्खा! तुझा तेलात बुडालेला असतो. त्यात असलं निसरडं ओतल्यावर प्लेटा एकमेकींना धरणार कशा?"

"अगं, माहितेय. मेव्हण्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"दुसऱ्याच दिवशी?"

"हो."

"मग टायरच्या रबराचं का सांगत राहिलास?"

"थट्टा गं! लोकांना आवडली, म्हणून सांगितली. रागावलीस की काय, गुलामे?"

बाकावर कुणीतरी फिदकन हसलं. नोएलीच्या डोक्यात नुसता जाळ झाला. तीन आठवडे! याला सगळं ठाऊक होतं, आणि चार टाळक्यांच्या हशासाठी याने तिचं पोट मारलं. आणि आता रागवायचंही नाही, कारण रीत आहे!

तिने प्लेटा पेट्रोलने दोनदा धुतल्या. पॉलिश पेपरवर एकेक घासून खरखरीत केली. आतलं सगळं निपटून काढलं, चांगलं तेल भरलं, कव्हर बसवलं. एक बोल्टही तिने रागाने आवळला नाही. मग वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला, आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

"टोएसाहेब," ती किल्ली पुढे करत म्हणाली, "गाडी तयार आहे."

तो हसला. "साहेब? कोण साहेब? शिवी दे की!"

"घरी सगळे बरे आहेत ना? वडिलांना नमस्कार सांगा."

एतिएनचं हसू ओठांवरच राहिलं. "नोएली," तो म्हणाला, "असं नको ना करू. कुत्रा म्हण, काहीही म्हण."

चहाचा पेला ठेवून बाकावरचा म्हातारा सालिफ उठला. "पोरी, बोल त्याला एखादा शब्द. नातं तुटतं गं अशाने."

"परक्या माणसाला मी शिव्या कशाला देऊ, बाबा?" नोएली म्हणाली, आणि पाने गोळा करायला लागली.