विलायती खत

विहिरीवर पाय घसरून सोजरबाईचा खुबा मोडला, तेव्हापासून तिचं वावर, तिचं शेत म्हणजे अंगणातले घासलेटचे रिकामे डबे. बुडाला भोकं पाडून, माती आणि कुजकं शेणखत भरून तिने त्यांत मिरची लावली होती. काठी टेकत, सरकत ती डब्याडब्याशी बसायची.

भाचीच्या लग्नाला ती बैलगाडीने धनजला गेली. पंधरा दिवसांनी मालेगावला घरी परत आली, तर मिरच्यांच्या पानांच्या कडा जळून गेलेल्या, फुलं गळलेली आणि मातीवर क्षाराचा पांढरा थर.

"दौलत! काय घातलं रे याईत?"

लेक हसत बाहेर आला. "वाशीमवरून कपाशीले विलायती खत आनलं होतं, कारखान्यातलं. त्यातलं मूठ मूठ टाकलं. पानं पिवळी पडली, मंग वाटलं भुकेली हायेत. आनखी टाकलं."

"कोरड्या मातीत?"

"वरून पानी शिपडलं ना."

"अरे, वावरात मुळीले पसराले जागा असते. डब्यात कुठं जाईन थे बिचारी?"

दौलतरावाचं तोंड उतरलं. "तुह्यासाठीच तं केलं माय."

हे ऐकून ती जास्तच भडकली. दुष्टाव्याने केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. "नवी रोपं आनून देतो," असं पुटपुटत तो वावराकडे निघून गेला.

रोपं तिला नको होती. खत धुऊन काढायचं होतं. त्यासाठी बुडातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी हवं, आणि तिच्याच्याने घागर उचलवत नव्हती. ती तांब्याने ओतू लागली. रांजणाकडे सरकायचं, तांब्या भरायचा, अर्धा सांडायचा, परत सरकायचं. एक डबाही धड निथळेना. शेवटी तिने तांब्या भिंतीवर फेकला आणि रडू लागली.

आवाज ऐकून शेजारची मेहरबी आली. "बाई, मले काहून हाक नाई मारली?"

"किती डाव हाका मारू? पान्यासाठी तू, उठासाठी सून, बसासाठी लेक. निदान मिरच्या तरी माह्या होत्या!"

मेहरबीने वरची खारावलेली माती खरवडून फेकली आणि घागरीमागून घागर आणून हळूहळू ओतली. बुडातून गढूळ पाणी वाहत राहिलं.

तरी बरीचशी रोपं मेली. दोन मात्र जगली. खोडाजवळ हिरवे कोंब फुटले. दौलतराव लगेच खताची पिशवी घेऊन उभा. "आता देऊ?"

"ठेव थे! जीव धरू दे अगोदर."

पुढे फुलं आली, तेव्हा तिनेच त्याला बोलावलं. आधी साधं पाणी घालायला लावलं, मग घागरभर पाण्यात चिमूटभर खत विरघळवून थोडंथोडं, खोडापासून दूर. त्याचा हात जरा तिरपा झाला की ती खेकसायची, "बस!"

"माय, ओतलं नाई अजून."

"मले दिसते."

तो वैतागून हसला. तिला मात्र हसू आलं नाही. घागर त्याच्या हातात होती आणि तिला नुसतं बघत बसावं लागत होतं.