उपाशी जंतू

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. प्रयोगशाळेत औषध लागू पडलं, आणि पायातल्या चपला काढायच्या आधी मी घरी सांगून मोकळी झाले.

दादाला वाळूमाशीच्या चाव्यातून आलेला ताप वर्षभर सोडत नव्हता. पोटातली पानथरी फुगलेली, हातापायांच्या काड्या. होती ती औषधं देऊन झाली होती. त्याच तापाच्या जंतूंवर आम्ही हे नवं औषध तपासत होतो. ते जंतूंना चरबी बनवू देत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले सगळे मेले. "चरबी मिळाली नाही की खेळ खलास," असं मी वहिनींना सांगितलं.

पण बशीत जंतूंना जगवायला जे रक्तद्रव, म्हणजे रक्तातलं पाणी, घालतो, त्यातली चरबी आम्ही आधीच काढून घेतलेली होती. निकाल स्वच्छ येतो म्हणून तशी पद्धतच आहे. मग प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "आता साधं घालून बघा, माणसाच्या अंगात असतं तसं."

आज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर जंतू मजेत वळवळत होते. स्वतःला बनवता येईना म्हटल्यावर मेल्यांनी रक्तद्रवातली आयती चरबी उचलली. साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "संपलं हे औषध." मला त्यांचा राग आला, त्या बशीचा त्याहून जास्त आला.

घरी आले तर दादा भिंतीला टेकून नुसत्या उकडलेल्या भाज्या चिवडत होता.

"वहिनी, यात तेल कुठंय?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, चरबी मिळाली नाही की मरतात. तेव्हापासून तेल, दूध, अंडं, सगळं बंद केलंय."

ताटातलं तेल काढलं म्हणून रक्तातली चरबी संपत नाही, की जंतू मरत नाहीत. आधीच खंगलेल्या माणसाला आम्ही उपाशी ठेवत होतो. मी तशीच आत गेले, दूध कोमट केलं आणि पेला त्याच्यापुढे धरला. त्यानं मान फिरवली.

"त्या जंतूंना कशाला पोसतेस, चिमे? औषध मिळेपर्यंत काढतो मी कळ."

"पी रे दादा."

"औषध आलं की पितो ना."

"नाही येणार ते," मी म्हणाले. "माणसाच्या रक्तात त्याचा उपयोग नाही."

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दादानं पेला घेतला आणि घटाघटा सगळं दूध पिऊन टाकलं.

"अजून आहे का गं?" तो म्हणाला. "फार भूक लागलीय."