हॉलमधला माणूस

उत्कर्षाला घर सजवायचा भारी नाद. ती वाढली भवानीनगरला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिथल्या भिंतींना एकच पिवळट रंग, आणि तो उडाला की पुन्हा तोच. लग्न होऊन बारामतीत आल्यावर तिनं आणि युवराजनं भिगवण रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा तिनं पहिल्याच महिन्यात हॉलची एक भिंत मोरपंखी करून टाकली. मग वेताचे दिवे आले, काचेचं टीपॉय आलं, दाराबाहेर कुंड्यांची रांग आली. सासरचं जुनं घोंगडं तिनं चौकटीत बसवून सोफ्याच्या वर लावलं. सासरे गेणबा, म्हणजे घरातले आबा, पहिल्यांदा आले तेव्हा त्याच्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "आगं, घोंगडं अंगावर घ्यायचं आसतं. भिताडाला कशाची थंडी वाजती?"

या सगळ्याचे ती व्हिडिओ करायची. स्वयंपाकघराचा ओटा, बेडरूममधलं कपाट, दाराबाहेरचा कोपरा. हजारो लोक बघायचे, पडदे कुठून घेतले म्हणून विचारायचे. शनिवारी दोघं बाहेर पडायची. कधी नाटक, कधी कॅफे, कधी भिगवणला मासे. त्याचेही फोटो ती तिथल्या तिथं टाकायची. दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून कंटाळलेल्या उत्कर्षाला शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपण खरोखर शहरात राहतो याची खूण वाटायची.

त्या शनिवारी बाहेर जावं की नाही, असा प्रश्न होता. आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते इंदापूरकडच्या वस्तीवरून आदल्या दिवशीच राहायला आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं जेमतेम दिसायचं. ते एकटे असताना लक्ष राहावं म्हणून युवराजनं हॉलमधल्या शोकेसवर वाटीएवढा कॅमेरा बसवला होता. फोनवर घर दिसायचं, आवाजही यायचा.

आबाच म्हणाले, "जावा रं तुमी. मी काय तान्हा हाय का? भाकरी खाल्ली, आता आडवा हुतो."

भिगवणच्या हॉटेलात तळलेली चिलापी समोर आली. उत्कर्षानं फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'घराला कुलूप, आम्ही भिगवणला.' असं लिहायची तिची पद्धतच होती. आबा घरात आहेत हे लिहायचं तिला सुचलंही नाही.

पहिला घास घेतला आणि फोन वाजला. घरात हालचाल, असा कॅमेऱ्याचा निरोप. आबा पाण्याला उठले असतील, असं म्हणत तिनं फोन उघडला.

हॉलमध्ये एक माणूस उभा होता.

ते आबा नव्हते. उंच, सडपातळ, तोंडाला रुमाल. तो दाराजवळ वाकून चपला काढत होता, पाहुण्यासारखा. मग त्या हातात घेऊन तो आत आला. हॉलमध्ये अंधार होता, कॅमेऱ्यात सगळं राखाडी दिसत होतं, पण माणूस कुठंही अडखळला नाही. काचेच्या टीपॉयला त्यानं बरोबर वळसा घातला. वेताचा दिवा खाली लोंबत होता, तिथं त्यानं डोकं वाकवलं. नवखा माणूस त्या दिव्याला हमखास धडकायचा. हा माणूस तिच्या घरात तिच्याइतकाच सराईत होता.

"युवराज," ती म्हणाली. तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

युवराजनं बघितलं आणि कॅमेऱ्यातून बोलायचं बटण दाबायला बोट पुढं केलं. "थांब, ओरडतो त्याच्यावर. पळंल."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. "नको! आबा आतल्या खोलीत आहेत. त्याला वाटतंय घर रिकामं आहे. घाबरून त्यानं काही केलं म्हणजे?"

ताट तसंच टाकून दोघं गाडीकडं धावली. युवराज गाडी चालवत होता, उत्कर्षानं त्याच्या फोनवरून पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगताना तिला स्वतःच्याच बिल्डिंगचं नाव आठवेना. गाडी पाठवतो, असं पलीकडून सांगितलं. मग तिनं तळमजल्यावरच्या मानसिंगकाकांना फोन केला. ते सोसायटीचं बघायचे.

"काका, वर जाऊ नका. आबा आहेत आत. फक्त माणसं गोळा करून खाली थांबा. आवाज करू नका."

रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एकीमागं एक, मागं दिवा नाही. युवराज हॉर्न दाबून धरायचा, बाजूनं काढायचा आणि समोरून गाडी आली की पुन्हा मागं यायचा. तिच्या मांडीवरच्या फोनमध्ये चित्र थांबायचं, तुटायचं, पुन्हा यायचं. हॉल रिकामा दिसला. तो त्यांच्या बेडरूममध्ये असणार. कपाटाच्या आतला कप्पा कुठं आहे हे तिनंच व्हिडिओत दाखवलं होतं. आणि तो दारातून आत कसा आला, हेही तिला त्याच क्षणी कळलं. दाराबाहेरचा कोपरा दाखवताना तिनं कुंडी उचलली होती, आणि खाली किल्ली होती. नंतर व्हिडिओतून तेवढं कापायचं राहून गेलं.

चित्र पुन्हा हललं. तो बेडरूममधून बाहेर आला, खांद्याला तिचीच पिशवी. तो दाराकडं निघाला. जा, जा, असं ती पुटपुटत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीत दिवा लागला आणि दार उघडलं. आबा बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, हात भिंतीला. दारात ते थबकले.

माणूसही जागच्या जागी थांबला. दोघांमध्ये टीपॉयएवढंच अंतर. त्याचा हात खिशाकडं गेलेला उत्कर्षाला दिसला.

"काय झालं? बोल की!" युवराज ओरडला. तिनं फोनचा आवाज वाढवला.

फोनमधून आबांचा आवाज आला. "युवराज? आलास व्हय रं?"

मग रुमालाआडून दबका आवाज. "व्हय."

"लवकर आलास. सूनबाई कुठं हाय?"

"खाली."

"बरं झालं. डोळा लई ठणकतुय. ती बाटली दे बघू, त्या टीव्हीपाशी ठिवलीया. दोन थेंब घाल."

आबा चाचपडत सोफ्यावर बसले आणि त्यांनी मान मागं टाकली. गळा उघडा, तोंड छताकडं. उत्कर्षानं तोंडावर हात दाबला. तो माणूस त्यांच्याकडं बघत उभा राहिला. इतका वेळ, की चित्र पुन्हा अडकलं असं तिला वाटलं. मग त्यानं पिशवी आणि चपला खाली ठेवल्या आणि खिशातला हात बाहेर काढला, तो रिकामा होता. त्यानं बाटली घेतली. आबांनी स्वतःच पट्टी वर केली. तो वाकला. त्याची बोटं आबांच्या पापणीवर टेकली.

"हळू," आबा म्हणाले. "तुजा हात लई थरथरतुय. जेवलास का?"

"न्हाय."

"डब्यात भाकरी हाय. घे."

खाली कुणाचा तरी मोठा आवाज आला. मानसिंगकाकांना दबक्या आवाजात बोलणं जमतच नसे. माणूस ताठ झाला. त्यानं बाटली टीपॉयवर ठेवली, पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या. "झोपा आता," असं म्हणाला आणि दाराबाहेर पडून जिन्यानं वर गेला. खाली न जाता गच्चीकडं. शेजारी नव्या बिल्डिंगचं बांधकाम चाललं होतं, तिथून तो उतरला असावा. पोलीस आले तेव्हा गच्चीचं दार उघडं होतं.

युवराज आणि उत्कर्षा घरात शिरली तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. आबा सोफ्यावरच होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. उत्कर्षा त्यांच्यापुढं खाली बसली.

"आबा, तो युवराज नव्हता."

"म्हायतीय मला," आबा म्हणाले. "माजं पोरगं मला वळखू येत न्हाय व्हय? दारातच कळलं."

"मग तुमी त्याला थेंब का घालाय लावलं?" युवराजचा आवाज चिरकला.

"काय करू मग? पळालो असतो तर टीपॉयवरच आपटलो असतो. वरडलो असतो तर त्यानं माजं त्वांड दाबलं असतं. म्हणलं, पोरगाच हाय असं दाखवावं. पोराचं नाव घेतलं की त्योबी जरा थांबंल." त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले तेव्हा ते लटलट कापत होते. "त्यानं बाटली डोळ्यावर धरली तवा मी मनात म्हणलं, गेणबा, ह्यो डोळा तर गेलाच."

डोळा गेला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून बरा आहे असं सांगितलं. उत्कर्षाचं गंठण आणि पाटल्या मात्र गेल्या.

संक्रांतीनंतर इंदापूरच्या बाजूला दुसऱ्या एका घरफोडीत तो सापडला. विशीतला पोरगा. ओळख पटवायला दोघांना ठाण्यात बोलावलं. हवालदारानं त्याचा फोन दाखवला. त्यात उत्कर्षाचे व्हिडिओ साठवलेले होते, एकही न सोडता. बिल्डिंगच्या नावाची पाटी, तिचा दाराबाहेरचा कोपरा, तिचा ओटा, तिचं कपाट. समोर बाकावर तो खाली मान घालून बसला होता. दिसायला इतका साधा, की दवाखान्यात आला असता तर तिनं हसून नाव विचारलं असतं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली.

दागिने मिळाले नाहीत. तिनं सगळे व्हिडिओ काढून टाकले, कुलूप बदललं. पण ज्यांनी आधीच बघून ठेवलंय त्यांच्या डोळ्यांतून काही काढता येत नव्हतं. दवाखान्यात कुणी जरा जास्त वेळ बघितलं, की या माणसाला आपल्या घराचा नकाशा पाठ असेल का, असं तिच्या मनात यायचं.

आबांना वस्तीवर परत जायचं होतं, पण ते लांबवत राहिले. सूनबाई एकटी घाबरते असं ते सांगायचे. ते स्वतःही हॉलचा दिवा मालवू देत नव्हते.

एका शनिवारी तेच म्हणाले, "नाटकाला जाऊ या. मलाबी न्या. समदीच जाऊ."

तिघं गेली. विनोदी नाटक होतं, लोक पोट धरून हसत होते. आबा तर टाळ्या वाजवत होते. उत्कर्षा हसत होती, पण सगळ्यांच्या एक क्षण मागून. मध्यंतरात दिवे लागले आणि युवराज चहा आणायला उठला. तिनं फोन काढला. हॉल रिकामा होता. सोफा, टीपॉय, मोरपंखी भिंत, सगळं जागच्या जागी.

"काय दिसतंय?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

"परत बघ," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी खुर्चीतूनच तिच्या बाजूला कलून स्वतःही फोनमध्ये डोकं घातलं.