ताईचं माप

मास्तरांनी उभ्या आयुष्यात परदेशी निघालेल्या लोकांचे कोट ढिगाने शिवले, पण स्वतः कधी विमानाची शिडी चढले नाहीत. आता अडुसष्टाव्या वर्षी निघायचं घाटत होतं, तेही ताईकडे. ताई म्हणजे थोरली बहीण. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली ती गेलीच. नवरा वारल्यावर तिथेच एकटी राहिली. आता तिची नजर अधू होत चालली होती आणि पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. तिला आपला चेहरा दिसतोय तोवर पोचायचं, एवढंच मास्तरांच्या डोक्यात होतं.

मास्तरांची मुलगी मोठी खटपटी. पंधरा दिवस मोबाइलला चिकटून तिने सगळ्यात स्वस्त तिकीट हुडकलं. सुट्ट्या संपल्यानंतरचं, आठवड्याच्या मधल्या वाराचं, वाटेत दोनदा विमान बदलायचं.

"पण बाबा, यात फक्त हातातली एक बॅग. सात किलो. माप पंचावन्न, चाळीस, वीस सेंटीमीटर. जरा जास्त भरलं की दंड! नवी बॅग आणते मी."

"विकत कशाला? घरातला शिंपी मेलाय का?"

बसले मशीनवर. बॅग अशी देखणी उतरली की बघत राहावं. मुलीने मोजली आणि कपाळाला हात लावला. साठ, पंचेचाळीस, पंचवीस!

"तू अंगाचं माप दिलंस ना?" मास्तर म्हणाले. "कपडा त्याहून सैल नको?"

आता या माणसाला काय म्हणावं! हसून हसून मुलीची पुरेवाट झाली. मास्तरांनी तोंड वाकडं करत सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं.

बॅग मापात बसली, पण तिच्यात कोट काही मावेना. ताईसाठी त्यांनी जाड लोकरीचा कोट शिवला होता. तो कोंबला की दुसरं काही राहीना.

"अंगावर घालून जा," मुलगी म्हणाली.

"बायकांचा कोट? बटणं उलट्या बाजूला आहेत, लोक हसतील मला!"

"आणि शिवलात कुठल्या मापाने?"

मास्तरांनी जुनी मापवही उघडली. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. ताई निघायच्या आदल्या दिवशी घेतलेलं माप. वडिलांच्या दुकानात दोघं भावंडं शेजारी बसायची. हा मशीन चालवायचा, ती काजं करायची. माप घेताना तिला भारी गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळत सुटायची आणि वडील कात्री आपटायचे. त्या दिवशी मात्र ती अजिबात हसली नाही. अगदी सरळ उभी राहिली.

"बाबा, आत्या आता एकाहत्तरची आहे. तिला होईल का हा?"

"शिवणीच्या आत माया ठेवलीय की. जास्तीचं कापड. उसवून वाढवता येतं."

"सत्तेचाळीस वर्षांची माया किती ठेवाल?"

मास्तरांनी मापवही मिटली. म्हणाले, "राहू दे. रिकाम्या हाताने जाऊन कसं उभं राहायचं तिच्यापुढे? पुढच्या वर्षी बघू."

खरं सांगायचं तर ते घाबरले होते. ती विमानं, ते फॉर्म, ती परकी भाषा. कोट हे आपलं निमित्त. मुलीला ते कळलं आणि ती भडकलीच.

"स्वस्त तिकीट आजच्या दिवसापुरतं आहे. आणि पुढच्या वर्षी आत्याला काय दिसणार आहे?"

तिने सरळ आत्याला फोन लावून त्यांच्या हातात दिला. "निदान माप तरी विचारा."

"ताई," मास्तर चाचरत म्हणाले, "छाती किती गं आता तुझी? आणि कंबर?"

पलीकडे ती खो खो हसली.

"मला कुठे ठाऊक, छोट्या? इथे सगळं तयारच घेते. माप घ्यायला कुणाचा तरी हात लागतो. हे गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हातच लागलेला नाही रे."

मास्तरांनी फोन मुलीकडे दिला. कोट घडी घालून कपाटात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

"काढ तिकीट," ते म्हणाले. "आणि विमानात टेप नेऊ देतात का, तेवढं बघ."