अर्पिताची बहीण

टेंभुर्णीला राहायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शेतातलं घर, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात मायबरोबर दळणाला गेले, तर गिरणीवरच्या बाईनं विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?"

"एकच. ही शालू," माय म्हणाली.

मी वर पाहिलं. तिनं माझं मनगट इतकं दाबलं की मी गप्प झाले.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत आम्ही दोघी होतो. परतूरला मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. अण्णांचा टेम्पो होता, ते जिनिंगवर कापूस टाकायचे. हंगामात गल्लीत गाड्यांचे भोंगे, हमालांची आरडाओरड, उंबऱ्यापर्यंत उडून आलेला कापूस. समोर गिरधारीलाल शेठचं भुसार दुकान. माझी धाकटी बहीण अर्पिता रोज सकाळी तिथल्या काट्यावर जाऊन बसायची. शेठ वजन करायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "साडेतेरा किलो हरभरा! बोला, कोण घेतो?" ती टाळ्या वाजवायची. शेठच्या बायकोला, लाडबाईंना, आम्ही लाडकाकी म्हणायचो. त्यांच्या गच्चीवर पापड वाळत टाकायला आम्ही दोघी जायचो आणि निम्म्या लाट्या कच्च्याच खायचो.

दिवाळीनंतर अर्पिताला ताप आला. आठव्या दिवशी शेठच्या जीपमधून तिला जालन्याला नेलं. मला लाडकाकीकडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली.

अण्णांनी टेम्पो विकला आणि आम्ही टेंभुर्णीला, आमच्या शेतात आलो. इथं अर्पिताला कुणी पाहिलेलंच नव्हतं. घरात तिचं नाव निघेना. मी एकदा जेवताना म्हणाले, "अर्पिताला वांगं आवडायचं न्हाई," तर मायनं मला तिथंच फटका मारला. त्या दिवसापासून मी मायवर मनातून रुसले, ते रुसलेलीच राहिले. शाळा झाली, नर्सिंग झालं, जालन्यात नोकरी लागली. कुणी विचारलं तर मीही सांगायचे, एकुलती एक.

मागच्या महिन्यात कागदपत्रांसाठी शाळेचा जुना उतारा लागला, म्हणून बावीस वर्षांनी परतूरला गेले. काम झालं आणि पाय आपोआप गल्लीकडं वळले. मोंढा आता गावाबाहेर गेलाय. गल्लीत मोबाइलची दुकानं. शेठच्या दुकानाचं शटर बंद होतं, पण बाजूच्या ओट्यावर एक म्हातारी बाई गहू निवडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अर्पिताची बहीण ना गं तू?"

मी तिथंच खाली बसले आणि तोंडाला ओढणी लावून रडले. लाडकाकी पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"शेठ गेले करोनात," त्या म्हणाल्या. "माय बोलली न्हाई का तुला? ती आल्ती ना भेटायला."

"कोण माय?"

"अगं, तुझी माय. गिरिजा. दरसाल येती ती. भाऊबीजेला मंठ्याला भावाकडं जाती ना, तिथून येती. इथंच बसती. म्हणती, लाडबाई, माझ्या पोरीचं काहीतरी सांगा. मंग मी काट्याचं सांगती, पापडाचं सांगती. दरसाल तेच. ऐकती आन् जाती."

मला काही समजेना. "मंग घरी का नाव काढू देत न्हाई?"

लाडकाकींनी सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या बापासाठी, बेटा. पोरगी तापली आन् वजन उतरायला लागलं, ते शेठनं काट्यावर बराबर पाहिलं. साडेतेराची अकरावर आल्ती. शेठ तुझ्या बापाला म्हणाले, कल्याण, जल्दी जालन्याला ने. तो म्हणाला, दोन खेपा राह्यल्यात, परवा नेतो. दाराशी टेम्पो उभा होता त्याच्या. पोरगी गेल्यावर त्यानं दोनदा विहीर गाठली. हमालांनी धरून आणला. तवापासून गिरिजानं तोंड शिवलं."

संध्याकाळी टेंभुर्णीला पोचले. अण्णा गोठ्यात होते. माय भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "लाडकाकीकडं गेल्ते."

तिचा हात थांबला. तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय बोलली?"

"सगळं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच काढली. मायनं परातीतलं पीठ एका कडेला ओढलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "जीपमधी तुलाच मागत होती. बदनापूर येईस्तोवर. ताई कुठाय, ताईला घ्या."

"बदनापूर तर जालन्याच्या पुढं आहे, माय."

"जालन्याच्या डॉक्टरनं हात टेकले. संभाजीनगरला घेऊन चाललो होतो. मंग तिनं विचारायचं बंद केलं."

बाहेर अण्णांच्या चपला वाजल्या. मायनं पदरानं तोंड पुसलं, पाट मांडला, पाणी ठेवलं. अण्णा आत आले, मला बघून हसले. "कवा आलीस गं? काम झालं का?"

"झालं, अण्णा," मी म्हणाले आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.